अप्पांच्या माळावरच्या पखुर्ड्या

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. अंगाला विभूती लावतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि मांडी घालून, बसवून माती देतात. गेल्या उन्हाळ्यात माझे वडील गेले तेव्हा त्यांनाही असंच बसवलं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. उदगीरला कर्नाटक इतकं जवळ आहे की नात्यांची निम्मी नावं तिकडूनच आलेली. शहरापासून थोड्या अंतरावर आमचं गाव, आणि गावातल्या आमच्या शेताला लागून वरच्या अंगाला एक खडकाळ माळ. घरचे सगळे तिथंच बसलेत. पुरुष वरच्या बाजूला, बायका जरा उतारावर. मेल्यावरही पुरुषांनाच वरची जागा का, असं मी एकदा विचारलं होतं. अव्वानं माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळून टाकलं.

या माळावर कधी नांगर गेला नाही. वाडवडील बसलेल्या जागी फाळ घालणार कोण? त्यामुळे धोंडे जिथल्या तिथं राहिले, बारीक गवत येत राहिलं आणि वाळत राहिलं. गावच्या शेळ्या तेवढ्या चरून जायच्या. चप्पल पायथ्याशी काढूनच वर जायचं, हा नियम लहानथोर सगळ्यांना सारखा, म्हणून विनाकारण कुणी फिरकत नसे. माझ्या लहानपणी असे माळ चहूकडे होते आणि त्यांचं कुणाला काही वाटायचं नाही. आता आमचा एकच उरलाय. उत्तरेकडचा माळ यंत्रानं फोडून सोयाबीनखाली आणला. त्याच्या पलीकडची टेकडी मुरमासाठी कापली, नवा रस्ता झाला तो तिच्याच मुरमावर. दक्षिणेला तारेचं कुंपण घालून आत सौरऊर्जेच्या निळ्या काचा मांडल्यात. शेताच्या बांधावर पूर्वी नाही नाही ती तणं उगवायची, तिथं आता फवारा मारतात आणि बांध बाराही महिने तांबडा दिसतो. या सगळ्या जागांना पूर्वी कागदोपत्री एकच शब्द असायचा, पडीक. त्या शब्दावर माझा फार राग आहे. राग माझ्या नाकावरच असतो म्हणा. नांदेडला मी शाळेत गणित शिकवते आणि खडू नेमका मारणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे.

पाखरांशी मात्र माझा काही संबंध नव्हता. गच्चीवरच्या कबुतरांना हुसकायचं, एवढाच. पण अप्पा गेले आणि मी सुट्टीचे दिवस गावात अव्वाजवळ राहिले. रोज सकाळी ऊन तापायच्या आत तांब्याभर पाणी आणि बेलाचं पान घेऊन मी माळावर जायची. अप्पांच्या जागेवर नुसता मातीचा उंचवटा होता, वर चार धोंडे. पान ठेवून झालं की रडून घ्यायची. घरात रडायला जागा नव्हती, येणारेजाणारे सारखे. एके दिवशी अशीच नाक शिंकरून उठले आणि पायापासून हातभर अंतरावरचा एक धोंडा उठून चालायला लागला.

माझ्या तोंडून किंकाळी फुटली. धोंडा थांबला, मान उंच केली, माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा आखूड पायांनी तुरुतुरु चालू लागला. कबुतरापेक्षा लहान, अंगाचा रंग अगदी माळाचा, वर बारीक रेघा आणि ठिपके, शेपटीचं टोक दाभणासारखं. चालता चालता ते सारखं काहीतरी टिपत होतं. मला तिथं काहीच दिसत नव्हतं. दोन्ही गुडघे टेकून बघितलं तेव्हा कळलं, तणाचं बी. मोहरीहून बारीक. ज्या तणावर आम्ही फवारा मारतो त्याच्यावर याचा संसार चालला होता.

नांदेडला परत गेल्यावर एक चित्रांचं पुस्तक विकत घेतलं आणि त्यात हे पाखरू सापडलं. पखुर्डी. वाळवंटाचं, कोरड्या रानाचं पाखरू. झाडावर बसत नाही, घरटंही बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालतं आणि वर बसून राहतं. त्याला मोकळं, उजाड, लांबवर नजर जाईल असं रान लागतं. लपायला झुडूप लागत नाही, कारण ते जागच्या जागी दबून बसतं आणि माळ होऊन जातं. हे वाचताना मला उगाचच वाटलं की अप्पांना शेजार चांगला मिळालाय. मग मी जेव्हा जेव्हा गावी गेले तेव्हा समाधीला पान वाहून तासभर बसायची, आणि खरं सांगायचं तर त्यातली पाच मिनिटं अप्पांसाठी असायची आणि बाकीचा वेळ पखुर्ड्यांसाठी. अप्पांना चाललं असतं. तेही देवपूजा पाच मिनिटांत उरकून धान्याच्या मोंढ्यात जायचे.

या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, अप्पांचं मोंढ्यातलं धान्याचं दुकान आता तोच बघतो. तो वाईट माणूस नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे.

"अक्का, अप्पाच्या वर्षाला लई मोठं काम धरलंय," तो म्हणाला. "माळावर अप्पाच्या नावानं वन करायचं. वड, पिंपळ, लिंब, बेल. जेसीबीवाल्याला खड्ड्याचं सांगून ठेवलंय. बोअरचं पानी ठिबकनं वर न्यायचं. समदा माळ हिरवागार करून टाकतो बघ."

"समदा?" मी विचारलं.

"समदा! एक कोपरा सोडायचा न्हाई."

त्याच्या आवाजात नुसता आनंद होता. मग विचारलं, "आणि पखुर्ड्या?"

"कोन?" तो म्हणाला.

मी रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी उदगीरची बस पकडली. खिडकीतून बघत होते तर वाटेतला एकही माळ शाबूत दिसेना, किंवा मला त्या दिवशी मुद्दाम तेवढंच दिसत असेल. मनात सगळे मुद्दे मांडून ठेवले होते, फळ्यावर मांडावेत तसे. झाडं आली की कावळे आणि शिक्रे येणार, त्यांना वरून टेहळायला जागा होणार. जमिनीवरचं अंडं एक उरणार नाही. सावलीत ते बारीक गवत येणार नाही, मग बी नाही. ठिबकच्या पाण्याला कुत्री येणार. मुद्दे बिनतोड होते. घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी ते भावाच्या तोंडावर फेकले.

तो पाटावर बसून जेवत होता. घास तसाच ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "अक्का, पान्यासाठी रडलेला मुलूख हाय आपला. रेल्वेनं पानी आणावं लागलं लातूरला. आन तू म्हंतीस झाडं लावू नको. घरात बोललीस ते बोललीस, भाईर बोलू नको. लोक येड्यात काढतील."

"लोकांचं मला सांगू नको. पाखरं कुठं जातील ते सांग."

"जातील की दुसरीकडं. पाखरं हायेत ती, त्यांना काय सातबारा लागतो?"

"कुठं दुसरीकडं? हात करून दाखव मला."

त्यानं खरंच हात केला, खिडकीकडे. मग त्यालाच आठवलं असावं की तिकडची टेकडी कधीच रस्त्याखाली गेली. हात तसाच खाली घेतला आणि कढी मागितली. मला वाटलं जिंकले. तेवढ्यात आतून अव्वा आली. भिंतीला धरून, हळूहळू. तिला शुगर आहे, पायांना मुंग्या येतात. माझ्याशेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला.

"वन मीच करा म्हनलंय," ती म्हणाली. "तुझे अप्पा उन्हात बसलेत, पोरी. झोपलेले असते तर मी काई बोलले नसते. बसलेत ते."

अप्पांना ऊन सोसायचं नाही, हे सगळ्या मोंढ्याला माहीत. दुकानाच्या सावलीत गादीवर बसून त्यांची सगळी हयात गेली. दारातून समोरच्या वजनकाट्यापर्यंत जायचं तरी छत्री उघडायचे. हमाल हसायचे, अप्पाही हसायचे, पण छत्री सोडायचे नाहीत. तो माणूस मांडी घालून माळावरच्या उघड्या उन्हात वर्षभर बसलाय, हे चित्र अव्वाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एप्रिल लागल्यापासून दुपारी तिला जेवण जात नाही, असं भावजय म्हणाली. माझे सगळे मुद्दे जागच्या जागी विरघळले. एका बाजूला एक म्हातारी आपल्या नवऱ्यासाठी सावली मागतेय आणि दुसऱ्या बाजूला मी पाखरं घेऊन बसलेय. मलाच माझी लाज वाटली. पण माघार घ्यायला जीभ वळेना. समाधीवर पत्र्याची छत्री करू, एकच बेल लावू, असलं काहीबाही मी सुचवत राहिले. भाऊ म्हणाला, "लोकांस्नी वनाचं सांगून झालंय." जेसीबी परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वाला म्हटलं, "चल, अप्पांकडं जाऊन येऊ." भावाच्या गाडीतून पायथ्यापर्यंत गेलो. त्याला दुकानात जायचं होतं, तो सोडून परत फिरला. अव्वानं चपला काढल्या. मी म्हटलं, "डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही म्हणून बजावलंय."

"डॉक्टर काय माझ्या सासऱ्यापुढं येनार हाय का माफी मागायला?" ती म्हणाली आणि चालू लागली.

समाधीशेजारी मी सतरंजी टाकली, छत्री उघडली. तिला गप्प बसवणं हीच मोठी परीक्षा होती. पण ती अप्पांकडे बघत आपली आपण गप्प झाली. बऱ्याच वेळानं पणजोबांच्या समाधीच्या अलीकडे हालचाल दिसली. मादी होती, आणि तिच्या मागं तीन पिल्लं. लिंबाएवढी. नुकतीच अंड्यातून निघालेली असावीत, पण पायावर उभी राहून टिपायलाही लागली होती. अंगावरच्या लवेचा रंग मुरमाचाच. मी अव्वाचं बोट धरून तिकडं वळवलं. तिला दिसेनात. मग दिसली आणि तिनं तोंडावर पदर धरला. तेवढ्यात वरून घार गेली. मादीनं काही आवाज केला असेल, पिल्लं जिथल्या तिथं चिकटून बसली.

"गेली कुठं गं?" अव्वानं विचारलं.

"तिथंच आहेत."

"न्हाईत की."

"तिथंच आहेत अव्वा. कितीही भ्यायली तरी हलत नाहीत ती. बसूनच राहतात."

घार लांब गेली, मग पिल्लं पुन्हा माळातून उगवली. थोड्या वेळानं आवाज आला, कुट्टरो, कुट्टरो. खालच्या पाझर तलावाकडून नर आला. तलावात तेव्हा डबक्याएवढंच पाणी होतं. तो जरा लांब उतरला, इकडंतिकडं बघितलं आणि चालत पिल्लांजवळ आला. मग छाती काढून ताठ उभा राहिला. पिल्लं धावली आणि गाईखाली वासरं शिरावीत तशी त्याच्या पोटाखाली शिरली. त्याच्या पोटाची काळपट पिसं भिजून गच्च झाली होती. एकेक पीस चोचीतून ओढून ती पीत होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

"पाजवून राहिला का काय?" अव्वा कुजबुजली.

"पाणी आणलंय त्यानं. डबक्यात बसून पोट भिजवतो आणि तसाच उडून येतो. वाटेत निम्मं वाळून जातं."

"आई आनती?"

"नाही गं. बापच आणतो."

पिल्लांचं पिऊन झालं, नरानं पोट जमिनीवर घासून कोरडं केलं आणि तोही टिपायला लागला. ऊन चढत होतं. मी उठायच्या बेतात होते तेव्हा ती बोलायला लागली.

"तुझ्या येळेला दुष्काळ व्हता. मी बाळंतीन. आडात पानी न्हाई. तिकडं लांब, मळ्यातल्या हिरीवर जावं लागायचं. सासूबाईचं कंबर धरलेलं. ह्यांनीच आनलं पानी. खांद्यावर घागर घेऊन, दुपारच्या उन्हाचं. छत्री कुठली धरतेत, हात रिकामा नको? गाव हसलं. बायकोचं पानी भरतोय म्हनले. एक सबुद बोलले न्हाईत कुनाला. आनत राहिले."

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अंघोळीचं पाणी अप्पांनी उन्हातून आणलं होतं आणि मी पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्या छत्रीला हसत आले. मी अव्वाकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. ती समाधीकडे बघून जरा रागावल्यासारखी म्हणाली, "बसू द्या उन्हात. सवय हाय त्यांना."

मग माझ्याकडे वळून, "भावाला सांग, झाडं नकोत. लेकराबाळाचा माळ हाय हा."

खाली उतरताना मात्र घोटाळा झाला. वाळलेल्या गवताला कुसळं येतात, सुईसारखी, उलट्या काट्यांची. आत शिरायला सोपी, बाहेर निघायला अवघड. एक अव्वाच्या टाचेत घुसलं. मी खाली बसवून काढायला गेले तर मोडून निम्मं आत राहिलं. तिला त्याचं काही नव्हतं. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत खाली आली आणि वाटेत एकदा आपल्याशीच म्हणाली, "बापच आनतो की."

भाऊ तोंड पाडून बसला. महिनाभर त्याच्या डोक्यात ते वन वाढत होतं, सावल्यासुद्धा पडल्या होत्या. त्यानं मला बोलूनही बघितलं, अव्वाचे कान भरलेस म्हणाला. पण अव्वाचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. माझ्यादेखत जेसीबीवाल्याला फोन केला आणि रोपं गावच्या शाळेला देऊन टाकली. मी नांदेडला परतले ती हवेतच. नवऱ्याला सगळी हकीकत इतक्यांदा सांगितली की शेवटी तो म्हणाला, "आता त्या पाखरांना जेवायला बोलव आणि मिटव एकदा." शाळा सुटल्यावर वर्गाच्या फळ्यावर मी एक पखुर्डी काढली. कोंबडीसारखी झाली होती, पुसून टाकली.

मध्ये भावाचा फोन आला. अव्वाची टाच सुजली होती. शुगरच्या माणसाला पायाची जखम म्हणजे घोर. डॉक्टरांनी चिरून कुसळ काढलं, औषध दिलं, सूज उतरतेय म्हणाला. "किती जिवाला घोर लागला अक्का. वर्षाला पावनेरावळे येनार, समदे अनवाणी. म्हातारी मानसं हायेत. पर तू काळजी करू नको. अव्वाच्या पायाला पुन्ना एक कुसळ लागू देनार न्हाई मी." मला बरं वाटलं. वाटेवरचं गवत विळ्यानं काढून घेईल, असंच मी धरून चालले. त्याला तसं बोललेही, की बरं करतोयस.

वर्षाच्या दिवशी सकाळीच पोचले. पायथ्याशी चपलांचा ढीग, ध्वनिवर्धकावर शिवकीर्तन चाललेलं. चपला काढून वर जायला लागले आणि पायाला काही टोचेना. खाली बघितलं तर तळव्याखाली मऊ, थंडगार, बारीक मुरूम. पाणी मारून, रोलर फिरवून, तासल्यासारखा सपाट. वाटेवर असेल म्हणून पुढं चालत राहिले. वाट संपली, मुरूम संपेना. समाध्यांच्या भोवती, समाध्यांच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत माळ तांबडा आणि गुळगुळीत. धोंडे एका कडेला ढीग करून ठेवलेले. गवताची एक काडी नाही.

भाऊ समोरून आला. नवा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडावर हसू मावत नव्हतं.

"बघ अक्का. एक झाड लावलं न्हाई. सबुद म्हंजे सबुद." पायानं मुरूम चापटून दाखवला. "परवा टॅक्टरच्या ब्लेडनं समदं खरवडून घेतलं, काल दिवसभर रोलर फिरवला. अव्वा कशी चालून राहिली बघ. काठीबिगर."

खरंच, अव्वा काठीशिवाय चालत होती. नातवंडं अनवाणी पळत होती. एक म्हातारे पाहुणे माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तुझ्या भावानं लई पुन्याचं काम केलं बाई, पायाला फुलावानी लागतंय." मी मान हलवली. रोलरचा आवाज माझ्या डोक्यात सुरू झाला होता. मादी उडाली असेल. नरही उडाला असेल. पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. त्यांना पळता येत होतं, पण ती पळाली नसणार. भ्यायल्यावर ती पळत नाहीत, हे मीच अव्वाला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.

पूजा झाली, जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, आरती झाली. लोक महाप्रसादाला खाली उतरले. अव्वा समाधीपाशी खुर्चीवर बसून होती, मी तिच्या पायाशी. भाऊ तिच्यासाठी ताट वाढून वर घेऊन आला. तेवढ्यात आवाज आला. कुट्टरो, कुट्टरो.

तलावाकडून एकटाच आला. खालच्या मांडवावरून दोन घिरट्या घातल्या आणि पणजोबांच्या समाधीच्या अलीकडे, अगदी त्याच जागी उतरला. त्या तांबड्या सपाटीवर तो कसा उघडा पडला होता. त्याचं पोट भिजून काळं झालं होतं. छाती काढून ताठ उभा राहिला. कुणी आलं नाही. दोन पावलं चालला, पुन्हा ताठ उभा राहिला. मग तिसऱ्या जागी. मुरमावर थेंब पडत होते, पडल्या पडल्या जिरत होते.

"हे काय करून राहिलंय गं पाखरू?" भावानं विचारलं. त्यानं ते आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं.

मी सांगितलं. चार वाक्यांत, आवाज न चढवता. पोटाच्या पिसांत पाणी आहे, पिल्लांसाठी आणलंय, पिल्लं परवापर्यंत इथंच होती, भ्यायली की दबून बसतात. एवढंच.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग अव्वाकडे बघितलं. अव्वाची नजर नरावरून हलत नव्हती.

"त्याला कुनीतरी सांगा गं," ती म्हणाली.

भावानं ताट खाली ठेवलं. नर उडाला तशी भाऊ त्या जागेवर गेला आणि नव्या सदऱ्यानिशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी मुरूम उकरायला लागला. रोलरनं घट्ट बसलेला मुरूम, नखांनी निघेना. तरी उकरतच राहिला. मी धावत जाऊन त्याचे हात धरले.

"नको उकरू," मी म्हटलं. "अव्वा बघतीय."